१९७० च्या शेव्हेलवर नवी चाके आणि टायर: घेण्याआधी नेमके काय तपासावे?

वुडवर्डकर (ट्रॉय, मिशिगन)

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी मी १९७० सालची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ विकत घेतली. गाडीवर कारखान्यातून आलेली पाच आऱ्यांची १४ × ७ इंची मूळ चाके आहेत आणि ती उत्तम स्थितीत आहेत. टायर मात्र आता बदलावेच लागतील, कारण त्यांच्या बाजूवर बारीक भेगा दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्यावर छापलेल्या डीओटी (अमेरिकी परिवहन खात्याच्या) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ३१०९ आहेत, म्हणजे ते २००९ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झालेले आहेत. नक्षी भरपूर शिल्लक असल्यामुळे मागच्या मालकाने ते तसेच ठेवले असावेत.

टायर बदलायचेच आहेत तर चाकेही थोडी मोठी आणि मागची थोडी रुंद घ्यावीत, असे मनात आहे. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी मिरवणूक निघते, तिच्यात या वर्षी गाडी न्यायची आहे. माझा एक सहकारी २०१२ च्या कॅमॅरो एसएसची वीस इंची चाके टायरांसकट अत्यंत स्वस्तात देतो आहे. त्याचे म्हणणे असे की गाडी शेव्हरोलेच आहे, बोल्टही पाचच आहेत, तेव्हा ती बसायला हरकत नाही. मला खात्री वाटत नाही, म्हणून विचारतो.

ही चाके बसतील का? बसत नसतील तर १५ इंची घ्यावीत की १७ इंची? आणि फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) हात न लावता मागे किती रुंद टायर बसू शकेल? पुढे मूळचे ११ इंची डिस्क ब्रेक आहेत, मागे ड्रम आहेत आणि गाडीची उंची कारखान्याने दिली तितकीच आहे.

टोलीडोचा गॅरेजवाला

वुडवर्डकर, ती वीस इंची चाके कितीही स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नका. कारणे सविस्तर लिहितो, कारण हीच चूक मी स्वतः एकदा केलेली आहे.

तुमच्या शेव्हेलचे पाच स्टड ज्या वर्तुळावर बसलेले आहेत त्याचा व्यास पावणेपाच इंच, म्हणजे १२०.६५ मिलिमीटर आहे. २०१२ च्या कॅमॅरोमध्ये तोच व्यास १२० मिलिमीटर आहे. फरक इतका थोडा आहे की चाक हाताने ढकलले तरी स्टडवर सरकते, नट आवळले जातात आणि सर्व काही ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात मात्र नटाचा शंकूसारखा भाग चाकाच्या भोकात सर्व बाजूंनी टेकत नाही आणि प्रत्येक स्टड किंचित वाकलेल्या अवस्थेत भार घेत राहतो. त्यातच तुमचे स्टड ७/१६ इंचाचे, म्हणजे जेमतेम ११ मिलिमीटर जाडीचे आहेत आणि कॅमॅरोचे १४ मिलिमीटरचे, त्यामुळे त्या चाकांची भोकेही तुमच्या नटांना मोठी पडतात.

माझ्याकडे पूर्वी १९७२ ची नोव्हा होती, तिचाही बोल्टचा व्यास पावणेपाच इंचच. तिच्यावर मी एका जर्मन गाडीची १२० मिलिमीटरची चाके बसवली. विकणाऱ्याने "सगळेच लावतात, काही होत नाही" असे सांगितले होते. टोलीडोहून फिंडलेकडे जाताना हमरस्त्यावर मागून थरथर जाणवू लागली. गाडी कडेला घेऊन पाहिले तर डाव्या मागच्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते. घरी येऊन चाक उतरवले तेव्हा पाचही भोकांच्या कडेला, एकाच बाजूने, नखाएवढी चकचकीत चंद्रकोर उमटलेली दिसली. नट तेवढ्याच जागेवर टेकत होता. त्या दिवशी मागच्या सीटवर माझी दोन मुले बसलेली होती.

बोल्टचा प्रश्न ॲडाप्टर (हब आणि चाक यांच्यामधली जोडचकती) लावून सोडवता येईल असे कोणी सुचवील. पण मग ऑफसेटचा आणि उंचीचा प्रश्न उरतोच. चाक हबला (ज्या मधल्या भागावर ते बसते त्याला) जिथे टेकते ती बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे, ते माप म्हणजे ऑफसेट. आणि तीच बाजू चाकाच्या आतल्या कडेपासून किती अंतरावर आहे, ते माप म्हणजे बॅकस्पेसिंग. जुन्या गाड्यांसाठी बॅकस्पेसिंग अधिक उपयोगी पडते, कारण ते पट्टी लावून मोजता येते. कॅमॅरोचे मागचे चाक २० × ९ इंचाचे आणि +४० मिलिमीटर ऑफसेटचे (टेकण्याची बाजू मध्यरेषेपासून बाहेरच्या दिशेला) आहे, म्हणजे त्याचे बॅकस्पेसिंग साडेसहा इंचांच्या वर जाते. तुमच्या गाडीत हबपासून आतल्या पत्र्यापर्यंत साधारण सहा इंचांचीच जागा असते. शिवाय त्या टायरांची उंची २८.७ इंच आहे आणि तुमच्या मूळ एफ७०-१४ मापाच्या टायरची साडेसव्वीसच्याही आत. पुढची चाके वळवताना ती जास्तीची दोन इंच कुठे मावणार?

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे वळतो. मागे किती रुंद टायर बसेल, याचे उत्तर दुसऱ्या कोणाच्या शेव्हेलवरून घेऊ नका. त्या काळात बॉडी चॅसिसवर बसवताना थोडे इकडेतिकडे झालेले असते, पन्नास वर्षांत रबरी बुश दबलेले असतात, आणि एखाद्या गाडीचा मागचा भाग कधी काळी ठोकून सरळ केलेला असतो. म्हणून स्वतःच्या गाडीची दोन्ही बाजूंची मापे घ्या.

गाडी सपाट जमिनीवर घ्या आणि जॅक स्टँड चॅसिसखाली न लावता मागच्या ॲक्सलखाली लावा, म्हणजे स्प्रिंगांवर रस्त्यावर असतो तितकाच भार राहील. चाके काढा. ब्रेक ड्रमच्या ज्या सपाट बाजूवर चाक टेकते तिथे एक सरळ पट्टी उभी धरा. पट्टीपासून आतल्या बाजूला पहिला अडथळा जिथे येईल, मग तो चॅसिस असो किंवा आतला पत्रा, तिथपर्यंतचे अंतर घ्या. बाहेरच्या बाजूला फेंडरच्या आत वळलेल्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून पट्टीपर्यंत मोजा. एका बाजूला दोन, अशी चार मापे हवीत. याखेरीज एका जाड पुठ्ठ्याचा, तुम्हाला हव्या असलेल्या टायरच्या व्यासाचा अर्धा चंद्र कापून तो हबवर फिरवून बघा. उंचीचा अडथळा कुठे येतो ते त्यातून लगेच कळते. पुढच्या बाजूला हाच पुठ्ठा स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून लावायचा, आणि तिथे जॅक स्टँड खालच्या कंट्रोल आर्मखाली (चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्याखाली) असले पाहिजेत.

मापे इथे टाका, पुढचे बोलू.

वुडवर्डकर (ट्रॉय, मिशिगन)

मनापासून आभार. वीस इंची चाकांचा विचार सोडला आहे आणि सहकाऱ्यालाही आपला अनुभव सांगितला आहे.

शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंत मापे घेतली. माझे वडील सांगलीला सुतारकाम करत. त्यांच्याकडचा पितळी ओळंबा मी इकडे येताना आठवण म्हणून आणला होता आणि तो आज पहिल्यांदा कामाला आला. मापेही त्यांच्याच सवयीने सुतात देतो. इथल्या पट्टीवर एक अष्टमांश इंच म्हणजे आपले एक सूत, त्यामुळे गणित सोपे जाते.

मागची डावी बाजू: आत सव्वासहा इंच, बाहेर पाच इंच पाच सूत. मागची उजवी बाजू: आत पाच इंच सात सूत, बाहेर बरोबर सहा इंच. दोन्ही बाजूंमध्ये फरक आहे हे पाहून मी तीनदा मोजले, आकडे तेच आले. गाडी कधी ठोकलेली असेल का, अशी शंका मनात येते.

पुढे २६ इंची पुठ्ठा दोन्ही टोकांपर्यंत मोकळा फिरला. २७ इंची पुठ्ठा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर फेंडरच्या मागच्या खालच्या कोपऱ्याच्या फार जवळ गेला.

टायरमास्तर (एडिसन, न्यू जर्सी)

वुडवर्डकर, आपली मापे नीट घेतलेली आहेत, हे त्यांच्या बेरजेवरूनच समजते. डावीकडची आणि उजवीकडची बेरीज तंतोतंत सारखी, अकरा इंच सात सूत, येते. म्हणजे दोन्ही बाजूंना एकूण जागा तितकीच आहे, फक्त ॲक्सल बॉडीच्या तुलनेत दीड सूत डावीकडे आहे. या पिढीच्या गाड्यांत इतका फरक सर्रास आढळतो, तेवढ्यावरून गाडी ठोकलेली आहे असे मानू नका.

मात्र टायर निवडताना याच दीड सुताची किंमत मोजावी लागते. आतल्या बाजूला टायर आणि पत्रा यांच्यात किमान अर्धा इंच आणि बाहेर फेंडरच्या कडेशी किमान तीन सूत मोकळे ठेवावे, असे मी ग्राहकांना सांगतो, कारण वळणावर टायर बाजूला झुकतो आणि ॲक्सलही थोडा सरकतो. आता दोन्ही चाके एकाच मापाची घ्यायची असल्यामुळे प्रत्येक दिशेचे अडचणीचे माप धरावे लागेल: आतले उजव्या बाजूचे आणि बाहेरचे डाव्या बाजूचे. पाच इंच सात सुतांतून अर्धा इंच गेला की पाच इंच तीन सूत उरतात. पाच इंच पाच सुतांतून तीन सूत गेले की सव्वापाच इंच उरतात. बेरीज दहा इंच पाच सूत, म्हणजे २७० मिलिमीटर. यापेक्षा रुंद टायर आपल्या गाडीत निर्धास्तपणे बसणार नाही.

अनेक जण शेव्हेलवर २७५/६०आर१५ (रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, चाक १५ इंची) बसवतात आणि त्यांच्या गाडीत तो बसतही असेल, परंतु त्याची प्रत्यक्ष रुंदी २७९ मिलिमीटरच्या आसपास भरते. आपल्याकडे डावीकडे वळणावर किंवा खड्ड्यात तो फेंडरला घासेल. २५५/६०आर१५ हा टायर आठ इंची चाकावर सुमारे २६० मिलिमीटर रुंद होतो. १५ × ८ इंचाचे आणि साडेचार इंच बॅकस्पेसिंगचे चाक घेतले, म्हणजे (कडा धरून चाक नऊ इंच भरत असल्यामुळे) शून्य ऑफसेट, तर उजवीकडे आत सहा सूत आणि डावीकडे बाहेर चार सूत मोकळे राहतील. हे मला योग्य वाटते.

पुढे १५ × ७ इंचाचे, सव्वाचार इंच बॅकस्पेसिंगचे चाक आणि २३५/६०आर१५ टायर घ्या. त्याची उंची २६.१ इंच आहे, म्हणजे आपल्या पुठ्ठ्याच्या परीक्षेत तो उत्तीर्ण होतो. त्याचा भारांक ९८ आहे, म्हणजे एका टायरची क्षमता ७५० किलो. आपल्या गाडीचा पुढचा भार प्रत्येक चाकावर अर्ध्या टनाच्या आसपास येतो, तेव्हा ती काळजी नाही. मागच्या टायरची उंची २७ इंच होईल, मूळ मापापेक्षा सुमारे सव्वादोन टक्के अधिक. स्पीडोमीटर ६० मैल दाखवील तेव्हा गाडी ६१ च्या थोडी पुढे असेल.

आता १५ की १७. पंधरा इंचांत पांढऱ्या अक्षरांचे टायर सहज मिळतात, पण त्यांतले बहुतेक ‘एस’ गतिवर्गाचे, म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचे असतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड बेताचीच असते. सतरा इंचांत पुढे २४५/४५आर१७ आणि मागे २५५/५०आर१७ घेतले तर उंची जवळपास तीच राहते आणि आजच्या रबराचे, कितीतरी चांगले थांबणारे टायर मिळतात. पुढे-मागे १३ इंची डिस्क ब्रेक बसवण्याचा विचार असेल तर तो आताच ठरवा, कारण ते पंधरा इंची चाकात मावत नाहीत आणि चाकांचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

मोपारताई (क्लीव्हलंड)

माझी गाडी १९६९ ची डॉज चार्जर आहे, त्यामुळे शेव्हेलच्या मापांबद्दल मी बोलणार नाही. पण चाकांच्या आकाराबद्दल माझे मत टायरमास्तरांहून वेगळे आहे आणि नटांबद्दल कोणीच काही लिहिलेले नाही, म्हणून लिहिते.

मी आधी सतरा इंची चाके लावली होती. टायर उत्तम थांबत, हे खरे. परंतु मार्चनंतर आपल्या या भागातले रस्ते जसे उखडलेले असतात, त्यांवर टायरची बाजू बुटकी असेल तर प्रत्येक खड्डा स्टिअरिंगमधून मनगटापर्यंत पोचतो, आणि दोन हंगामांत माझ्या एका चाकाची कड वाकली. पंधरा इंचांवर आल्यापासून गाडी पुन्हा तिच्या काळातल्यासारखी चालते. तुम्ही ट्रॅकवर जाणार नसाल, मूळ ब्रेकच ठेवणार असाल आणि पावसात गाडी बाहेर काढणार नसाल, तर पंधरा इंचच घ्या. या गाड्यांची फेंडरची कमान टायरची जाड बाजू गृहीत धरून आखलेली आहे; तिथे मोठे चाक आणि पातळ रबर माझ्या डोळ्यांना खुपते.

नटांबद्दल: जुन्या धाटणीच्या चाकांत निरनिराळे नट लागतात. काहींना शंकूच्या आकाराचे नट लागतात, तर काहींना लांब दांड्याचे नट आणि त्याखाली सपाट वॉशर लागतो. साठच्या दशकातल्या क्रेगर एसएस चाकांत तर स्टडची भोके लांबट असतात आणि वॉशर नेमका बसवावा लागतो. चाकाबरोबर त्याच चाकासाठी सांगितलेले नट मागवा, गॅरेजच्या डब्यातले जुने वापरू नका. नट हाताने फिरवताना पूर्ण फेरे मोजा: ७/१६ इंचाच्या स्टडवर निदान नऊ फेरे बसले पाहिजेत. ॲल्युमिनियमच्या चाकाची बैठक लोखंडी चाकापेक्षा जाड असल्यामुळे मूळ स्टड कधी कधी अपुरे पडतात. तसे झाले तर लांब स्टड बसवून घ्या, नट अर्धवट बसलेल्या अवस्थेत गाडी हलवू नका.

आवळताना टॉर्क रेंचच (ठरवलेला जोर आला की आवाज करणारा पाना) वापरा, ७० ते ८० फूट-पौंडांच्या दरम्यान, ताऱ्याच्या क्रमाने (शेजारचा नट सोडून समोरचा), आणि ५० ते १०० मैलांनंतर पुन्हा तपासा. माझ्या चार्जरच्या डाव्या बाजूचे स्टड उलट्या आट्यांचे आहेत, डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांत तसेच असे. एका दुकानात नट फिरवणाऱ्या हवेच्या बंदुकीने ते "सोडवण्याच्या" नादात तीन स्टड तोडले गेले. तुमच्या शेव्हेलला उलटे आटे नाहीत, पण हवेची बंदूक दूर ठेवा, हे तरीही सांगेन.

आणि मूळ १४ इंची चाके विकू नका. व्हॉल्व्हच्या भोकाजवळ कारखान्याचा कोड ठोकलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा आणि चाके कोरड्या जागी झाकून ठेवा. उद्या गाडी मूळ रूपात आणायची झाली तर ती पुन्हा सहजी मिळणार नाहीत.

टोलीडोचा गॅरेजवाला

मोपारताईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. त्यात दोन गोष्टी जोडतो. चाके घरी आली की टायर चढवण्यापूर्वी नुसते चाक चारही हबांवर लावून बघा आणि पुढे कॅलिपरभोवती (डिस्क ब्रेकच्या चिमट्याभोवती) हाताने फिरवा. टायर एकदा चढवला की बहुतेक विक्रेते चाक परत घेत नाहीत, आणि खोक्यावरचे माप आतल्या चाकाशी जुळतेच असे नाही.

दुसरे म्हणजे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. कारखान्याच्या पुस्तिकेतली मापे त्या काळच्या बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या थरांच्या) टायरांसाठी लिहिलेली आहेत. आजच्या रेडियल टायरांना कॅस्टर (बाजूने पाहता, चाक ज्या अक्षावर वळते त्याचा कल) धन, म्हणजे वरचे टोक मागे झुकलेला, लागतो. वरच्या कंट्रोल आर्मच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदलून जितका मिळेल तितका, दोन-तीन अंशांपर्यंत, मागून घ्या. दुकानदार पुस्तिकेकडे बोट दाखवील, तरी आग्रह धरा. सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे भरकटते अशी या गाड्यांबद्दलची जी तक्रार असते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

वुडवर्डकर (ट्रॉय, मिशिगन)

सर्वांचे आभार. मूळ ब्रेकच ठेवायचे ठरवले आणि पंधरा इंची चाके घेतली: पुढे १५ × ७, मागे १५ × ८, टायर टायरमास्तरांनी सांगितले तेच.

नुसते चाक आधी लावून बघण्याचा सल्ला फार उपयोगी पडला. मागच्या चाकांतले एक साडेचारऐवजी चार इंच बॅकस्पेसिंगचे निघाले. खोक्यावर बरोबर आकडा छापलेला होता. ते चाक लावले असते तर डावीकडे बाहेरची सगळी मोकळी जागा संपली असती. टायर चढवलेला नसल्यामुळे विक्रेत्याने ते तक्रार न करता बदलून दिले, त्यात नऊ दिवस गेले.

पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आणि फेंडरचा खालचा कोपरा यांच्यात माझी दोन बोटे जातात. मागे डावीकडे ओळंब्याने चार सूत भरले, गणितात आले होते तेवढेच. नट हाताने साडेनऊ फेरे फिरले, त्यामुळे स्टड बदलावे लागले नाहीत. ७५ फूट-पौंडांवर आवळले आणि ६० मैल चालवून काल पुन्हा तपासले, तेव्हा उजव्या मागच्या चाकाचा एक नट रेंचचा आवाज येण्याआधी किंचित फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत. आणखी ५० मैलांनी पुन्हा बघणार आहे.

अलाइनमेंटची वेळ गुरुवारची मिळाली आहे. मूळ चाके कोडचा फोटो काढून, जुन्या चादरीत गुंडाळून तळघरात ठेवली आहेत.